केकवालीला काय द्यायचं?

माझ्या मावसबहिणीकडे, म्हणजे आमच्या ताईकडे, सध्या पाच एप्रन आहेत. दोनांवर कपकेक छापलेत, एकावर 'किचनची बॉस' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलंय आणि उरलेले दोन म्हणजे ऑफिसातल्या सिक्रेट सँटाची कृपा. ताई केक करताना जिजूंचा विटलेला टी-शर्ट घालते. माळ्यावरच्या खोक्यात बदामाच्या आकाराचे सिलिकॉनचे तीन साचे आहेत. कपकेकच्या रंगीत कागदी वाट्या तर इतक्या, की एखाद्या शाळेचं अख्खं गॅदरिंग त्यात उरकेल. शिवाय घुमटासारखं झाकण असलेला एक काचेचा केक स्टँड. तो ठेवायला जागाच नाही, त्यामुळे लग्नात आलेल्या लेमन सेटच्या शेजारी मूळ खोक्यात सुखानं नांदतोय.

हे सगळं गिफ्ट म्हणून आलंय बरं का! चकचकीत रॅपिंग पेपरमधून, 'तुला बेकिंग आवडतं ना, म्हणून मुद्दाम!' असं म्हणत.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असणारच. किंवा असा एखादा, कारण बेकिंगवेड्या मुलग्यांची जमातही हल्ली जोरात आहे. शनिवारी रात्री आपण पिक्चर टाकतो, तेव्हा ही मंडळी मैदा चाळत असतात. सोमवारी त्यांच्या डब्यातून ब्राउनी येते आणि अकाउंट्सपासून एचआरपर्यंत सगळ्यांना अचानक त्यांच्या टेबलाशी काम निघतं. मग यांचा वाढदिवस येतो. ग्रुपवर प्रश्न पडतो, हिला काय द्यायचं? दोन मिनिटांत कुणीतरी 'केकचं काहीतरी घेऊ या' असं टाकतं, सहा अंगठे वर होतात, विषय संपतो.

मला त्या 'काहीतरी'बद्दल बोलायचंय.

ताई चौतीस वर्षांची, बँकेत नोकरीला. कोथरूडमध्ये दोन बेडरूमचं घर, नवरा, मुलगी आणि सासूबाई. 2020च्या लॉकडाऊनमध्ये सगळा देश बनाना ब्रेड करत होता आणि दुकानांतून यीस्ट गायब झालं होतं, तेव्हा तीही या नादाला लागली. ऑफिसं उघडली, बाकीच्यांचं खूळ उतरलं. आंबवलेल्या सावरडोच्या बरण्या फ्रीजच्या मागच्या कप्प्यात मुकाट गतप्राण झाल्या. ताईचं मात्र उतरलं नाही. आज ती क्रोसाँची घडी घालते, मँगो केकसाठी हापूसचा गर आटवून ठेवते आणि महिन्याला तीन-चार ऑर्डरीही घेते. ऑर्डरी घ्यायच्या तर घरातूनसुद्धा एफएसएसएआयची नोंदणी लागते, म्हणून तीही तिनं रीतसर केलीय. पण नातेवाइकांच्या लेखी ते अजून 'आमची ताई काय मस्त केक करते' एवढंच.

आता गिफ्टांची गंमत बघा. मागच्या वर्षी तिला एक वॉफल मेकर मिळाला. खोकं उघडायच्या आत देणाऱ्याचा प्रश्न तयार, "मग वॉफल पार्टी कधी?" डोनटचा साचा आला, त्याच्यासोबत "पोरांना डोनट फार आवडतात हं!" हेही आलं. म्हणजे हे गिफ्ट कुठलं, ही तर ऑर्डर! आगाऊ दिलेली आणि बिनपैशाची. क्रिकेट खेळणाऱ्याला बॅट देऊन आपण 'आता माझ्यासाठी शंभर काढ' असं म्हणत नाही. केक करणाऱ्या बाईला मात्र साचा देताना आपल्या तोंडाला आधीच पाणी सुटलेलं असतं. तिच्या तेहेतिसाव्या वाढदिवसाचा केक कुणी केला माहितीय? तिनंच. कॉफी आणि अक्रोड, तीन थर. बारा जणांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आणि रात्री साडेअकराला ती ओट्यावरचं क्रीम पुसत होती.

या वर्षी म्हणून मी वेगळा मार्ग धरला. "ताई, तुला काय हवं?" असं सरळ विचारलं. उत्तर अर्थातच, "अगं, काही नको गं." मासकॉमच्या दोन वर्षांत मी बाकी काय शिकले ठाऊक नाही, पण समोरचा 'काही नाही' म्हणाला की तिथेच ठाण मांडून बसायचं, हे पक्कं शिकले. एक अख्खा शनिवार तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून काढला. हात कुठे अडतात ते बघत.

पहिला अडला तो वजनकाट्यावर. सासूबाईंच्या काळातला तबकडीचा काटा, मैदा टाकला की सुई थरथरते आणि शंभरावर थांबायचं की एकशेवीसवर, याचा विचार करत बसते. तुम्ही म्हणाल, कप असतात की! इथेच तर घोळ आहे. अमेरिकन कप साधारण 237 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन 250चा आणि आपल्या घरातली वाटी ज्याच्या त्याच्या आजीची. बरं, कप एकच असला तरी मैदा चाळून हलक्या हातानं भरला तर 120 ग्रॅम आणि पिठाच्या डब्यात कप खुपसून दाबून काढला तर 150 ग्रॅमपर्यंत. दोन कपांच्या केकमध्ये पन्नास-साठ ग्रॅम मैदा असा गुपचूप जास्त पडतो, आणि मग 'रेसिपी तीच, पण या वेळी कोरडा का झाला?' म्हणून रडारड. एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, पाच किलोपर्यंत तोलणारा साधा डिजिटल काटा वॉफल मेकरपेक्षा पुष्कळ स्वस्तात येतो. दिसायला अगदी बोअर. रॅप केला तर पुस्तकासारखा दिसतो. पण बेकिंग करणाऱ्या ज्या कुणाकडे तो नसेल, त्याला दुसरं काही देऊच नका. आणि हो, सोबत जास्तीचे सेल द्या. काटा नेहमी रविवारी रात्रीच बंद पडतो.

दुसरी गोष्ट ओव्हनची. आपल्याकडचे बहुतेक घरगुती ओव्हन म्हणजे ओटीजी, त्यांच्या बटणावर 180 लिहिलेलं असतं, आत मात्र स्वतंत्र राज्य असतं. ताईकडे मी ऑफिसच्या मैत्रिणीकडून उसना आणलेला ओव्हन थर्मामीटर आत टांगला. बटण 180वर, काटा 205वर. ताई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "म्हणजे चार वर्षं माझे केक वरून फुटत होते ते यामुळे?" केकचा वरचा थर लवकर कडक होतो, आतलं मिश्रण मागाहून फुगतं आणि पापुद्रा फोडून बाहेर येतं, असा तो मामला. इतकी वर्षं ती फुटलेला डोंगर सुरीनं सपाट करून वर क्रीम थापत होती आणि दोष स्वतःच्या हाताला देत होती. बशीएवढाही नसलेल्या त्या तबकडीनं एका झटक्यात तिला निर्दोष सोडलं.

भांड्यांचं म्हणाल तर आधी टेप घ्या. खरंच, शिवणकामाची टेप. ओव्हनच्या आतली रुंदी आणि खोली मोजा, कारण परदेशी रेसिपीतला तेरा बाय नऊ इंची ट्रे आपल्या सोळा लिटरच्या ओटीजीत शिरत नाही. (ताईकडे असा एक आहे. सध्या त्यात फराळाच्या चकल्या निथळतात.) मग तिच्याकडे कुठल्या मापाचे टिन आहेत ते बघा. सहा इंची आणि आठ इंची यांत दोनच इंचांचा फरक वाटतो ना? गणित करा. छत्तीस आणि चौसष्ट. म्हणजे मिश्रण जवळजवळ पावणेदोन पट लागतं. म्हणून एकच भलामोठा टिन देण्यापेक्षा एकाच मापाचे दोन द्या, म्हणजे दोन थर एकदम भाजून होतात. आणि दिसायला कितीही मादक असला तरी काळाकुट्ट नॉनस्टिक नको. गडद रंग उष्णता जास्त शोषतो, कडा करपतात. सिलिकॉनचं उलटं, ते उष्णता नीट पोचवतच नाही, केकचं बूड फिकट राहतं. जाड, फिकट रंगाचं साधं अॅल्युमिनियम सगळ्यात चांगलं. ते तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानात मिळतं, मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केट गाठावं. ऑनलाइन मागवलंत तर फोटोवर फिदा होण्याआधी मापं वाचा.

बारीकसारीक तर कितीतरी सापडलं. ताई गरम केक पोळ्यांच्या जाळीवर काढते, आणि ती गोल असल्यामुळे चौकोनी केकचे कोपरे खाली लोंबतात. केकचे थर ती शिवणाच्या दोऱ्यानं कापते, आणि सॉलिड कापते, त्यामुळे लांब दातेरी सुरी आणायचा माझा बेत मी रद्द केला. जे तिला जमलंय ते कशाला बदला!

आता हे सगळं तिच्याकडे आधीच असेल तर? मग सरळ खायच्या वस्तूंकडे वळा. माझ्या मते हा सगळ्यात बेस्ट प्रकार, कारण जागा अडत नाही आणि संपून जातो. एरवी ती स्वतःसाठी जे घेताना हात आखडते, ते घ्यायचं. बिनमिठाचं बटर घ्या, अर्ध्या किलोचं. खरं चॉकलेट घ्या. इथे जरा डोळे उघडे ठेवा हं! दुकानात 'कुकिंग चॉकलेट' म्हणून ज्या जाडजूड लाद्या मिळतात, त्यातल्या बहुतेक कंपाउंडच्या असतात. म्हणजे त्यात कोको बटर नसतं, त्याच्या जागी दुसरंच कुठलंतरी वनस्पती तूप असतं. वेष्टनामागची बारीक अक्षरं वाचा. घटकांत कोको बटर असेल तर उचला, हायड्रोजिनेटेड फॅट असेल तर परत ठेवा. हल्ली केरळ-कर्नाटक-तमिळनाडूतल्या कोकोपासून आपल्याकडेच उत्तम चॉकलेट बनतं, बेल्जियमपर्यंत जायची गरज नाही.

आणि व्हॅनिला. किराणा दुकानातली ती तपकिरी बाटली म्हणजे व्हॅनिला नव्हे, त्याच्या वासातला एक मुख्य घटक तेवढा कारखान्यात बनवून त्यात घातलेला असतो. खरा व्हॅनिला म्हणजे एका ऑर्किडच्या वेलीची शेंग. मूळ मेक्सिकोकडची वेल, बाहेर नेली तर फुलं यायची पण शेंगच धरेना. 1841मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं छोट्या काडीनं आणि अंगठ्यानं फुलाचं परागीकरण करायची युक्ती काढली. आजही जवळपास सगळा व्हॅनिला तसाच, एकेक फूल हातानं फळवून पिकतो, आणि फूल उमलतं एकाच दिवसापुरतं. आपल्याकडे केरळ-कर्नाटकात लागवड आहे. शेंगा महाग असतात हे खरंय, पण दोनच द्या. ताईला मी दिल्या. एकीतले दाणे कस्टर्डमध्ये गेले, रिकामी साल साखरेच्या बरणीत पुरली गेली. आता त्या बरणीचं झाकण उघडलं की सासूबाईसुद्धा हॉलमधून विचारतात, "काय चाललंय गं?"

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण खरी अडचण काट्यात आणि टिनांत नव्हतीच.

ताईच्या घरात अंडं चालत नाही. म्हणजे चालतं, पण ओट्यावर चालत नाही. अंड्याचे केक बाल्कनीतल्या फोल्डिंग टेबलावर होतात, भांडी वेगळी, घासणी वेगळी, आणि चतुर्थीला व श्रावणात तेही बंद. ओव्हन ठेवलाय बेडरूममध्ये, कपड्यांच्या कपाटाशेजारी. तिच्या ऑफिसच्या साड्यांना बारा महिने दालचिनीचा वास येतो. शनिवारी मी मोजलं. एका केकसाठी ती स्वयंपाकघर, बेडरूम आणि बाल्कनी अशा चकरा मारते, हातात फेटलेलं मिश्रण घेऊन, आणि वाटेत लेकीची सायकल. बिनअंड्याचे केक तिला फर्स्टक्लास जमतात. दही आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि केक फुगतो, हे ती झोपेतही सांगेल. पण म्हणून काही जागेचा प्रश्न सुटत नाही.

त्यात सासूबाई काही सिरियलमधल्या खाष्ट सासू नाहीत. उलट त्या शनिवारी त्याच मला सांगत बसल्या. लग्नानंतर त्यांच्याकडे तो गोल अॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन होता, वरच्या झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यात त्या रव्याचा केक करायच्या. दिवाळीत नानकटाईसाठी मात्र रवा, मैदा, तूप, पिठीसाखर असं सगळं डब्यांत भरून बेकरीत न्यायचं, तिथे मळून, भट्टीत भाजून घ्यायचं आणि पत्र्याच्या डब्यातून घरी. "नंबर लावून बसायचो आम्ही. रात्रीचे दहा वाजायचे." मग त्या ओव्हनचं काय झालं? "बोहारणीला दिला. घरात माणसं वाढली, ठेवायचा कुठे?"

ताई तेव्हा मैदा चाळत होती. ती काही बोलली नाही.

त्या संध्याकाळी मी यादीतल्या अर्ध्या गोष्टी खोडल्या आणि दोन चाकांची चाकं नसलेली, सॉरी, चार चाकांची एक तीन मजली ट्रॉली शोधायला लागले. खालच्या कप्प्यात टिन, मध्ये मैदा-कोको, वर काटा. बेडरूममधून बाल्कनीत ढकलत न्यायची. अशी ट्रॉली कुठल्याही गिफ्टच्या यादीत नसते, कारण तिचा फोटो चांगला येत नाही.

पैशांबद्दलही बोलायला हवं, कारण ते कुणी बोलत नाही. ताईच्या एका काकांनी मुलाच्या मुंजीसाठी तीन किलोचा केक 'घरचाच' म्हणून करून घेतला आणि तिच्या हातात पाचशेची नोट ठेवली. आशीर्वाद म्हणून! तीन किलोचं बटर, चॉकलेट, क्रीम बाजूला ठेवा. नुसता दीड-दोन हजार वॅटचा ओव्हन तासभर चालला तरी दीड-दोन युनिट वीज जाते, आणि असा तो चार वेळा लावावा लागतो. तिनं दोन रात्री जागवल्या त्याचा तर हिशेबच नाही. तेव्हा तुमच्या ओळखीतली बेकर ऑर्डरी घेत असेल तर तिला देण्यासारखी एक जाम हटके गोष्ट सांगते. तिच्याकडून केक घ्या, किंमत विचारा आणि घासाघीस न करता ती द्या. किंवा चार तास द्या. डिलिव्हरीला जाताना स्कूटरवर मागे बसून केकचा खोका मांडीवर धरायला माणूस लागतो, आणि कर्वे रोडचे खड्डे बघता त्या माणसाला वीरचक्रच द्यायला हवं. गणपतीत मी दोनदा बसले. सगळ्या गिफ्टांमध्ये ताईला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते, असं जिजूंचं म्हणणं आहे.

जिजूंच्या डोक्यात मात्र यंदा मोठा मासा आहे. स्टँड मिक्सर. तो जाडजूड, वाडग्यावर डोकं वाकवून उभा असतो ना, तो. चांगल्या फोनइतकी किंमत, म्हणून आम्ही सहा भावंडांनी पैसे काढलेत. रंगावरून ग्रुपवर दोन दिवस महायुद्ध झालं. मी एवढंच म्हटलं की रंग नंतर, आधी जागा. हे यंत्र दहा किलोच्या आसपास वजनाचं असतं. रोज कपाटातून काढून ओट्यावर ठेवू असं कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका, ते कपाटातच म्हातारं होतं. शिवाय वाडगं काढताना डोकं मागे उचललं जातं, त्यामुळे वरच्या कपाटाला धडकणार नाही एवढी उंची मोकळी लागते. म्हणजे ते ओट्यावरच, प्लगशेजारी, कायमचं राहायला हवं. आणि ताईच्या ओट्यावर तसा कोपरा एकच. तिथे ओट्याखाली सासूबाईंची घरघंटी आणि तिच्यावर, अर्ध्या ओट्यापर्यंत पसरलेले, त्यांच्या पिठांचे डबे. ज्वारी, बाजरी, भाजणी, थालीपिठाचं वेगळं.

जिजू आईशी बोलायला घाबरत होते. आठवडाभर टेप खिशात घेऊन नुसते फिरले. शेवटी गेल्या रविवारी ताई लेकीला घेऊन नाटकाला गेली असताना त्यांनी धीर करून ओटा मोजायला घेतला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळं ऐकून घेतलं, मिक्सरचा फोटो चष्मा लावून बघितला, किंमत विचारली, किमतीवर 'अगंबाई' म्हणाल्या. मग स्वतःच एकेक डबा उचलून डायनिंग टेबलावर मांडायला लागल्या.

"घरघंटी बाल्कनीत जाईल," त्या म्हणाल्या. "तसाही तिचा आवाज फार होतो. फक्त तिला सांग, पहिल्या दिवशी त्यात नानकटाई करायची. अंडं दुसऱ्या दिवसापासून."